आयबी डिप्लोमाची दोन वर्षं: एवढा व्याप कुणाला परवडतो?

इंद्रायणीकाठ:

दहावीनंतर आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमा घ्यावा का, यावर शाळांची माहितीसत्रं ऐकली तर सगळं गुलाबी दिसतं. नातेवाइकांना विचारलं तर नुसती पैशांची नासाडी. दोन्हींतून हाती काही लागत नाही, म्हणून हा धागा. फी परवडते की नाही ते ज्याचं त्याने घरी ठरवावं, तो वाद इथे नको. जाणकारांकडून तीन गोष्टी नेमक्या हव्यात. भार येतो कुठून, अभ्यास अवघड आहे की कामंच फार? आयबी घेतल्यावर जेईई, सीईटी, नीट यांतलं काय खरोखर झेपतं? आणि विषय निवडताना कुठली चूक नंतर निस्तरता येत नाही?

सहावा_तास:

आधी हिशोब मांडतो. सहा विषय. त्यातले तीन हायर लेव्हल (एचएल), तीन स्टँडर्ड लेव्हल (एसएल). एचएलला प्रत्येकी २४० तास आणि एसएलला १५० तास धरलेत, म्हणजे ११७०. त्यावर थिअरी ऑफ नॉलेजचे, म्हणजे 'टॉक'चे, १००. नावाला दोन वर्षं असली तरी मे सत्राच्या परीक्षा एप्रिलच्या अखेरीस सुरू होतात आणि त्याआधीचे जानेवारी-फेब्रुवारी प्रिलिम खाते. शाळा ऑगस्टला सुरू होत असेल तर शिकवायला जेमतेम पंधरा-सोळा महिने उरतात, तेही सुट्ट्या धरून.

गुण असे: प्रत्येक विषयाला ७, एकूण ४२. टॉक आणि एक्स्टेंडेड एसे (ईई) मिळून ३. एकूण ४५. डिप्लोमा मिळायला २४ लागतात, पण नुसते २४ पुरत नाहीत. तीन एचएलचे मिळून किमान १२ हवेत, कुठल्याही विषयात १ चालत नाही, आणि टॉक किंवा ईईमध्ये 'ई' श्रेणी आली तर बाकी ४० गुण असले तरी डिप्लोमा नाही. कॅसला (कला, खेळ-व्यायाम, सेवा) गुण शून्य, पण १८ महिन्यांच्या नोंदी पूर्ण नसतील तरीही डिप्लोमा अडतो.

आता मूळ प्रश्न. एसएलचा अभ्यास बारावी सायन्सच्या मुलाला जड नाही. एचएल जड आहे, पण मुलं मोडतात ती त्याने नव्हे. दुसऱ्या वर्षाच्या ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये सगळं एकाच वेळी अंगावर येतं. ४००० शब्दांचा ईई, १६०० शब्दांचा टॉक निबंध (त्याचे सहा विषय सप्टेंबरमध्येच जाहीर होतात, त्यामुळे आधी लिहून ठेवायची सोय नाही), बहुतेक प्रत्येक विषयाची इंटर्नल असेसमेंट म्हणजे आयए, आणि परदेशी जायचं असेल तर त्याच काळात अर्ज. ऑक्सफर्ड-केंब्रिज आणि ब्रिटनमधल्या मेडिकलची मुदत १५ ऑक्टोबर, अमेरिकेच्या अर्ली अर्जांची साधारण १ नोव्हेंबर. शाळा आयबीकडे ईई-टॉक मार्चच्या मध्याला आणि आयए एप्रिलच्या २० तारखेपर्यंत पाठवते, पण शाळेच्या स्वतःच्या तारखा त्याच्या कितीतरी आधी असतात. असाव्याच लागतात.

दुधीभोपळा:

मास्तर, मांडणी उत्तम. पण पाल्याचं लक्ष्य आयआयटी किंवा सीओईपी असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही. तारखाच बघा.

जेईई मेनचं पहिलं सत्र जानेवारीच्या शेवटी, म्हणजे आयबीची प्रिलिम. दुसरं एप्रिलच्या सुरुवातीला, म्हणजे उजळणी. एमएचटी-सीईटीचा पीसीएम गट २०२५ला १९ ते २७ एप्रिल, जेईई ॲडव्हान्स्ड २०२५ला १८ मे. आयबीच्या लेखी परीक्षा एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. म्हणजे एकाच दिवशी ॲडव्हान्स्डचे दोन पेपर आणि आजूबाजूच्या दिवसांत केमिस्ट्री एचएल. वर निकाल ५ जुलैच्या सुमाराला. जोसाच्या (आयआयटी-एनआयटी प्रवेशाच्या) फेऱ्या जूनमध्येच सुरू होतात आणि तिथे बारावीचे ७५ टक्के किंवा बोर्डातले वरचे २० पर्सेंटाइल दाखवावे लागतात. आयबीच्या मुलाकडे तेव्हा दाखवायला गुणपत्रिकाच नसते.

सीईटीचं गणित तर आणखी साधं. स्टेट बोर्डाचा अभ्यासक्रम, अकरावी २० टक्के, बारावी ८० टक्के. दीडशे प्रश्न, २०० गुण, निगेटिव्ह नाही. पुस्तक कोळून प्यायलेल्याला मार्क. आयबीचं पोर ते पुस्तक उघडणार कधी?

सहावा_तास:

सहमत. त्यात अभ्यासक्रमांमधली दरी धरा. आयबीचं फिजिक्स जवळजवळ पूर्ण बीजगणितावर चालतं, कॅल्क्युलस लावून गणित सोडवायची सवयच लागत नाही. मॅथ्स ॲनालिसिस अँड अप्रोचेस (एए) एचएलमध्ये कॉम्प्लेक्स नंबर्स, व्हेक्टर्स, डिफरन्शियल इक्वेशन्स, मॅक्लॉरिन सिरीज आहे, पण मॅट्रिसेस-डिटरमिनंट्स नाहीत आणि कॉनिक्स नाहीत. जेईईत हे दोन्ही हमखास. केमिस्ट्रीत जेईईला लागणारी इनऑरगॅनिकची आणि नेम्ड रिॲक्शन्सची पाठांतरं आयबीत सापडणार नाहीत. शिवाय जेईईला कॅल्क्युलेटर नाही, आणि आयबीच्या गणितात पेपर १ सोडला तर सगळं ग्राफिक कॅल्क्युलेटर हाती धरून.

'आयबी करता करता जेईईपण' असं सांगणारे क्लास आहेत. ते आठवड्याचे दहा-बारा तास जास्तीचे मागतात. हे तास कुठून काढणार? झोपेतून नाहीतर आयएमधून. दोन्हीची वसुली नंतर होते.

अबोली_७:

पण आयबीत घोकंपट्टी नसते, समजून शिकवतात, हा फायदा तर मान्य कराल? तेवढ्यासाठीच आम्ही विचार करतोय.

सहावा_तास:

अर्धा मान्य. टॉक आणि आयएमध्ये खरंच नाही. लेखी परीक्षेत आहे. बायोलॉजी एचएलच्या जुन्या मार्कस्कीम काढून बघा, ठरावीक मुद्दा ठरावीक शब्दांत आला तरच गुण. 'आउटलाइन', 'एक्स्प्लेन', 'इव्हॅल्युएट' या कमांड टर्म्सनुसार किती आणि काय लिहायचं ते ठरतं. इव्हॅल्युएटला एकच बाजू लिहून आलं की पान भरूनही निम्मे गुण. इकॉनॉमिक्समध्ये आकृतीच्या अक्षांना नावं नसतील तर आकृतीचे गुण गेले. मागच्या पेपरांचा रट्टा इथेही मारावाच लागतो, फक्त तो कुणी कबूल करत नाही.

नकाशेवाला:

प्रवेशाच्या बाजूने लिहितो. आयबी चांगलं की वाईट यावर भांडण्यापेक्षा बाहेर कुठल्या दाराने पडायचंय ते आधी ठरवा. त्यावरून सहा विषय ठरतील, आणि सहा विषयांवरून व्याप परवडतो का ते ठरेल. बहुतेक घरांत हे नेमकं उलट होतं. आधी शाळा, मग शाळेत असतील ते विषय, आणि दीड वर्षाने देश.

ब्रिटन. ऑफर, म्हणजे सशर्त प्रवेश, येते तीच मुळी आयबीच्या भाषेत. केंब्रिजची ऑफर साधारण ४१-४२ आणि एचएलमध्ये ७-७-६, ऑक्सफर्डची ३८ ते ४० च्या आसपास. इंजिनीअरिंग, गणित, इकॉनॉमिक्ससाठी अनेक चांगल्या विद्यापीठांना एए एचएल लागतं. एसएलवर ७ मिळवूनही ते दार बंदच. मात्र ब्रिटनसाठी आयबीच हवं असं मुळीच नाही. सीबीएसई-आयएससी बारावीचे गुण बहुतेक विद्यापीठं घेतात, स्टेट बोर्डाला काही ठिकाणी जास्त टक्के मागतात. फक्त ब्रिटन डोळ्यांपुढे असेल तर आयबीची सक्ती कुणीही केलेली नाही.

जर्मनी. इथे आयबीचा फायदा खरोखरचा आहे, आणि नेमका तोच लोकांना माहीत नसतो. बारावीनंतर भारतातून थेट टेक्निकल पदवीला जायचं तर जेईई ॲडव्हान्स्ड पास किंवा इथल्या पदवीचं एक वर्ष असं काहीतरी लागतं. आयबी असेल तर थेट प्रवेश मिळू शकतो, पण विषय त्यांच्या नियमात बसले तर. दोन भाषा हव्यात, त्यातली दुसरी 'ॲब इनिशिओ' म्हणजे शून्यापासून शिकलेली चालत नाही, ती भाषा 'बी' पातळीची, म्हणजे आधीपासून थोडी येत असलेली, हवी. गणित हवं, एक नॅचरल सायन्स हवं, एक समाजशास्त्राचा विषय (हिस्टरी, इकॉनॉमिक्स, जिऑग्राफी वगैरे) हवा. गणित किंवा सायन्स यांतलं किमान एक एचएलला. आणि सहाही विषयांत साधारण ४ तरी हवेत, कारण ३ आला की भरपाईचे नियम लागू होतात.

आपल्याकडे काय होतं? शाळा म्हणते स्पॅनिश ॲब इनिशिओ घ्या, सोपं आहे, ७ मिळतो. मुलगा घेतो. अठरा महिन्यांनी म्युनिकचं नाव निघतं, तोवर वेळ गेलेली. हिंदी बी उपलब्ध असताना स्पॅनिश ॲब इनिशिओ घेणाऱ्याने हे एकदा वाचावं. हिंदी बीमध्ये आपल्या मुलांना निम्म्या मेहनतीत तोच ७ येतो, हे आणखी वेगळं.

अमेरिका. एचएलमध्ये ५ किंवा ६च्या पुढे असेल तर अनेक ठिकाणी क्रेडिट (पदवीच्या अभ्यासक्रमात सूट) मिळतं, एसएलला सहसा नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात पूर्ण डिप्लोमा आणि ३० गुण असले की क्वार्टर पद्धतीचे ३० युनिट मिळतात. प्रवेशाच्या वेळी मात्र तिथली बरीच विद्यापीठं बघतात ते प्रेडिक्टेड गुण, म्हणजे शाळेने आधीच दिलेला अंदाज.

प्रेडिक्टेडबद्दल एक वाक्य जास्तीचं लिहितो, कारण ते पालकांना उशिरा कळतं. ब्रिटनच्या अर्जासोबत ऑक्टोबरमध्ये शाळेने दिलेले प्रेडिक्टेड गुण जातात, आणि शाळा ते मुख्यतः पहिल्या वर्षाअखेरच्या परीक्षेवरून काढते. म्हणजे निर्णायक परीक्षा दुसऱ्या वर्षातली नव्हे, पहिल्या वर्षाच्या एप्रिल-मेमधली. 'पहिलं वर्ष रुळण्यात गेलं तरी चालेल' असं कुणी म्हणालं तर मान डोलवू नका.

कोकणकडा_२:

नीटचं काय? फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्ही आयबीत घेता येतात का?

नकाशेवाला:

सरळ घेता येत नाहीत. नेहमीच्या रचनेत सायन्सचा एक गट असतो. कलेच्या सहाव्या गटाऐवजी आणखी एक सायन्स घेता येतं, म्हणजे दोन झाली. तिसरं घ्यायला 'नॉन-रेग्युलर डिप्लोमा' लागतो. विद्यापीठाची अट म्हणून तिन्ही सायन्स आवश्यक आहेत असं दाखवून शाळेचा कोऑर्डिनेटर आयबीकडे परवानगी मागतो. शाळेने हे आधी केलेलं असेल तर फार कटकट नाही, नसेल तर डिप्लोमा सुरू होण्याआधीच हालचाल हवी.

पण किंमत लक्षात घ्या. या मांडणीत समाजशास्त्राचा गट सहसा गळतो, म्हणजे वर लिहिलेलं जर्मनी गेलं. आणि नीट मेच्या पहिल्या रविवारी असते (२०२४ला ५ मे, २०२५ला ४ मे), थेट आयबीच्या परीक्षांच्या मधोमध, तीही एनसीईआरटीच्या पुस्तकांवर. भारतात एमबीबीएस हेच नक्की असेल तर आयबीत जाऊ नये. यात मध्यममार्ग मला दिसत नाही.

भारतात राहूनही आयबीशी न भांडणाऱ्या वाटा आहेत, त्याही सांगतो. क्लॅट (कायद्याची प्रवेशपरीक्षा) डिसेंबरमध्ये असते, परीक्षांना आडवी येत नाही. अशोका, फ्लेमसारखी खासगी विद्यापीठं आयबीची मुलं नेहमी घेतात. असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज २४ गुणांचा डिप्लोमा बारावीला समकक्ष धरते. तरी प्रवेशाच्या वेळी समकक्षता प्रमाणपत्र आणि टक्क्यांत रूपांतर यांची कागदपत्रं जून उजाडायच्या आत कुठून मिळणार ते विचारून ठेवा.

हडसनपल्याड:

इथे न्यू जर्सीत मराठी घरांत हाच वाद एपीवरून चालतो, म्हणून थोडी तुलना. एपी म्हणजे शाळेतच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे सुटे विषय. दोन घ्या, आठ घ्या, मेमध्ये परीक्षा, १ ते ५ गुण. टॉक नाही, ईई नाही, कॅस नाही. त्यामुळे भार वाढवता-कमी करता येतो, आयबीत तो पूर्ण गठ्ठाच उचलावा लागतो. पण 'जास्त एपी म्हणजे जास्त चांगलं' हा गैरसमज इथेही घट्ट आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रवेशासाठी जीपीए (शाळेतल्या श्रेणींची सरासरी) काढताना एपीसारख्या 'ऑनर्स' विषयांचे जादा गुण फक्त आठ सेमिस्टरचे धरते. कॅलटेक एपीला क्रेडिटच देत नाही. बाराव्या एपीसाठी रात्री जागण्याला या दोन्ही ठिकाणी भाव शून्य.

दुधीभोपळा:

मास्तर, ते आयएचं जरा फोडून सांगा. बाहेरून बघणाऱ्याला ते शाळेच्या प्रोजेक्टसारखंच वाटतं. त्याला एवढा वेळ कसा लागतो?

सहावा_तास:

सायन्सची आयए २० टक्के, जास्तीत जास्त ३००० शब्द. चार निकष, प्रत्येकी ६, एकूण २४: रिसर्च डिझाइन, डेटा ॲनालिसिस, कन्क्लुजन, इव्हॅल्युएशन. शाळेच्या प्रोजेक्टमध्ये प्रयोग 'झाला' की संपतं. इथे प्रयोग किती चुकला आणि का, हे आकड्यांत सांगायचं असतं.

एक नेहमीचा विषय घेऊ. ग्लिसरीनमध्ये स्टीलची गोळी सोडायची, तिचा अंतिम वेग मोजायचा, त्रिज्या बदलायची. स्टोक्सच्या नियमाने वेग त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात. पाच वेगवेगळ्या त्रिज्या, प्रत्येकीची पाच वाचनं, वेग विरुद्ध त्रिज्येचा वर्ग असा आलेख, सरळ रेषा येईल अशी अपेक्षा. येत नाही. मोठ्या गोळ्यांचे बिंदू रेषेच्या खाली जातात. कारण मोजपात्राची भिंत. ५०० मिलीच्या मोजपात्राचा आतला व्यास सुमारे ५ सेंमी. त्यात ५ मिमी व्यासाची गोळीसुद्धा भिंतीमुळे जवळपास वीस टक्क्यांनी हळू पडते. दुसरी गोम तापमानाची. ग्लिसरीनची श्यानता (दाटपणा) खोलीच्या तापमानाला दर अंशाला साधारण आठ टक्क्यांनी बदलते. सकाळची वाचनं आणि दुपारची वाचनं एकत्र केली की सगळा आलेख पसरतो. त्यातून ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढतं, बाटली उघडी राहिली तर पुढच्या आठवड्यात ते पातळच झालेलं असतं.

हुशार मुलगा हे सगळं पहिल्या दिवशी ओळखतो असं नाही. पण दहा गोळ्या टाकून बघितल्या, तापमापी आत ठेवली, फोनवर सेकंदाला २४० फ्रेमच्या व्हिडिओने वेळ मोजली, की दुसऱ्या दिवशी कळतं. मग भिंतीची दुरुस्ती गणिताने लावायची किंवा रुंद पात्र घ्यायचं. हाच दुसरा दिवस बहुतेकांकडे नसतो. प्रयोगशाळा आठवड्यातून दोनदा मिळते, त्यात निम्मा वर्ग रांगेत. डिसेंबरमध्ये सुरू केलेली आयए बहुतेक वेळा 'मानवी चुका झाल्या असाव्यात' या वाक्यावर संपते, आणि त्या वाक्याला इव्हॅल्युएशनमध्ये काहीही मिळत नाही. पहिल्या वर्षाच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चाचणी वाचनं, उन्हाळी सुट्टीआधी पूर्ण डेटा. एवढं एक पाळलं तर दुसऱ्या वर्षाची हवा बरीच निघून जाते.

अबोली_७:

हे सोनं आहे, धन्यवाद. ईईबद्दलही दोन शब्द लिहाल का? ३ गुणांसाठी ४००० शब्द हा सौदा मला तरी आतबट्ट्याचा वाटतो.

बारावी_सुटली:

ईई-टॉकच्या तक्त्यात दोन्हींत 'बी' आले की २ गुण, एक 'ए' एक 'बी' आले की ३, दोन्ही 'सी' आले तरी १. म्हणजे चांगलं आणि अप्रतिम यांच्यात फरक एका गुणाचा. तेवढ्याच वेळात एखाद्या एचएलचा ५ चा ६ होतो, आणि ऑफर एचएलवर असते. म्हणून ईईत बी पुरे, ए आपणहून आला तर आनंद.

विषय अरुंद घ्यायचा. 'भारतातील जलप्रदूषण' असल्या विषयात ४००० शब्द प्रस्तावनेतच संपतात, आणि मर्यादेपुढचं परीक्षक वाचत नाही. स्वतः न शिकलेल्या विषयात ईई घ्यायचा नाही. आयए आणि ईई एकाच प्रयोगावर चालत नाहीत, ती दुहेरी सबमिशन धरली जाते. पहिला पूर्ण मसुदा उन्हाळी सुट्टीत. गाईडचे तास तीन ते पाचच असतात, ते विषय शोधण्यात घालवू नका.

कॅसच्या नोंदी पंधरवड्याला एकदा, फोटोसकट. मार्चमध्ये बसून अठरा महिने आठवून लिहिलेल्या नोंदी कोऑर्डिनेटरला एका नजरेत कळतात.

नकाशेवाला:

+१. आयए लिहून देणारे, ईई 'दुरुस्त' करणारे यांच्यापासूनही लांब राहा. काम मुलाचं स्वतःचंच आहे यावर शाळा सही करते आणि गैरप्रकार सिद्ध झाला तर त्या विषयाला गुणच मिळत नाहीत, म्हणजे डिप्लोमाही नाही. त्यावर कुठलंही विद्यापीठ थांबून राहत नाही.

इंद्रायणीकाठ:

सगळ्यांचे आभार. एक शेवटचं. आत गेल्यावर झेपत नाही असं वाटलं तर मागे कसं फिरायचं?

सहावा_तास:

चार पायऱ्या आहेत, क्रमाने वापरा. पहिली: एचएलचं एसएल करणं. परीक्षेची नोंदणी दुसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरच्या मध्याला असते, तोवर कागदोपत्री जमतं, मात्र तीन एचएल शिल्लक राहायलाच हवेत. चार घेतले असतील तरच सोपं. उलट दिशेने, एसएलचं एचएल, पहिल्या सहा-आठ आठवड्यांपलीकडे करू नये. दुसरी: एए झेपत नसेल तर ॲप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन (एआय), पण आधी नकाशेवाल्यांचा वरचा प्रतिसाद वाचून, कारण इंजिनीअरिंगची बरीच दारं तिथे बंद होतात. तिसरी: पूर्ण डिप्लोमा सोडून सुट्या विषयांचे कोर्स रिझल्ट घेणं. अमेरिकेत काही ठिकाणी चालतं, भारतातल्या विद्यापीठाचं लेखी उत्तर हातात आल्याशिवाय नाही. चौथी: बाहेर पडून अकरावी. ती पहिल्या सत्रातच, दिवाळीच्या आत. ज्युनियर कॉलेजचे प्रवेश तोवर संपत आलेले असतात आणि बोर्ड बदलताना पात्रतेची कागदपत्रं लागतात, म्हणून शाळा सोडल्याचा दाखला काढायच्या आधी कॉलेजचा होकार लेखी घ्या.